घराभोवती थिमेट टाकावे का?

प्रश्न : आमची मळ्यात वस्ती आहे. घर, गोठा, कडब्याची गंजी एकाच अंगणात. पाऊस लागल्यापासून साप फार दिसतात. भिंतीकडेने थिमेट टाकले तर येणार नाहीत का? घोरपडही अंड्यांवर येते, तिचे काय करावे?

उत्तर : थिमेट अजिबात टाकू नका. थिमेट म्हणजे फोरेट, दाणेदार विषारी कीटकनाशक. देशात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. दुकानदार ‘जुना माल आहे, घ्या’ म्हणाला तरी घेऊ नका. अंगणातले दाणे कोंबड्या टिपतात, लेकरांच्या हाताला लागतात, उरलेले पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते.

साप येतो तो उंदीर-बेडकांमागे. म्हणून आधी गंजी आणि सरपण भिंतीपासून लांब हलवा. पेंड, भरडा झाकणाच्या पिंपात ठेवा आणि बिळे बुजवा. मोठी, चपळ, पिवळसर तपकिरी धामण दिसली तर जाऊ द्या. ती बिनविषारी आहे आणि उंदीर फस्त करते.

खरी काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि घरचे अपचनाचे औषध देत बसतात. काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, शेपटीकडे ठळक, ही तिची खूण. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे मानेकडे ठळक असतात. पण बॅटरीच्या उजेडात हा फरक बघत बसू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

ऊस किंवा भात कापताना कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकू आला तर ती घोणस. जागीच थांबा, मग सावकाश मागे सरा. कापणीला गमबूट घालाच.

दंश झाल्यास आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हात-पाय न हलवता 108 बोलवा किंवा थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला तासही महागात पडतो. सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. त्यासाठी शवविच्छेदन टाळू नका. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावा.

घोरपड बिनविषारी आहे. पाल, सरडा, सापसुरळीही तशाच. घोरपड मारणे किंवा पकडणे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. ती दिवसा हिंडते. खुराड्याला बारीक जाळी ठोका आणि अंडी वेळच्या वेळी उचला.