मेमरिस्टर : वाचकांच्या शंका

प्रश्न : रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर असताना चौथा मूलभूत घटक कशासाठी?

व्होल्टेज, प्रवाह, विद्युतभार आणि फ्लक्स या चार राशींच्या जोड्या होतात सहा. भार म्हणजे प्रवाहाचं काळानुसार संकलन, फ्लक्स म्हणजे व्होल्टेजचं. दोन जोड्या इथेच खर्ची पडल्या. तीन जोड्या तुम्ही लिहिलेल्या घटकांच्या. उरलेली फ्लक्स-भार ही जोडी विद्युत अभियंता लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मेमरिस्टरला, म्हणजे आधी वाहून गेलेल्या भारानुसार रोध बदलणाऱ्या घटकाला, दिली. भारागणिक फ्लक्स ज्या दराने बदलतो तो मेमरिस्टन्स, एकक ओहमच. हा दर स्थिर असेल तर समोर साधा रेझिस्टरच उरतो.

प्रश्न : एचपी या संगणक कंपनीने बनवलेल्या मेमरिस्टरमध्ये चुंबकीय क्षेत्राचा वापरच नाही. मग फ्लक्स कुठला?

व्याख्येला चुंबक लागत नाही, व्होल्ट-सेकंदांची बेरीज पुरते. खरा आक्षेप वेगळा आहे. २००८ च्या त्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात, आणि प्रत्यक्षात रोध निव्वळ वाहून गेलेल्या भारावर ठरत नाही. म्हणून चुआ व कांग यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या मेमरिस्टिव्ह प्रणालींच्या (ज्यांचा रोध एखाद्या अंतर्गत अवस्थेवर ठरतो) मोठ्या कुटुंबात त्याला बसवणं योग्य. तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टरही त्याच कुटुंबातला! ‘चौथा घटक सापडला’ हे मथळे जरा घाईचेच होते.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये व्होल्टेज-प्रवाहाच्या आलेखावर मेमरिस्टरचा फास (बंद वेटोळं) न दिसता सरळ रेघ येते. रोध १०० ओहम ते १६ किलोओहम, जाडी १० नॅनोमीटर, रिकाम्या जागांची गतिशीलता १० चा उणे १४ वा घात (एसआय एककात), साइन व्होल्टेज १ व्होल्ट शिखर, ५० हर्ट्झ.

वारंवारता फार जास्त आहे. तुमच्या आकड्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १०० मायक्रोकूलोंब, म्हणजे सुमारे ०.८ व्होल्ट-सेकंद लागतात. ५० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनात मिळतात जेमतेम ०.००६, रोध अर्धा टक्काही हलत नाही. १ हर्ट्झवर ०.३२ मिळतात, १६ किलोओहमपासून सुरुवात केली तर रोध १२.४ पर्यंत उतरतो आणि इंग्रजी आठसारखा फास उघडतो. ०.४ हर्ट्झच्या खाली मात्र अवस्था काठाला धडकेल. तिथे जोगळेकर विंडो (काठाजवळ अवस्थेचा वेग आवरणारा गुणक) वापरली असेल तर काठावर तिची किंमत शून्य होते आणि प्रवाह उलटा केला तरी अवस्था तिथेच अडकते. बिओलेक विंडो प्रवाहाची दिशा पाहते, म्हणून सुटका होते.

प्रश्न : प्रत्यक्ष मोजणीत फास शून्यबिंदूतून जात नाही. मेमरिस्टर ऊर्जा साठवतो का?

नाही. व्होल्टेज शून्य झालं की प्रवाहही शून्य व्हायलाच हवा. आधी प्रोब आणि वायरिंगची परजीवी धारिता (नकळत तयार होणारा कपॅसिटर) तपासा, वारंवारता कमी करून पाहा; फट मिटत गेली तर दोष त्या धारितेचाच.