जळगावात एमआर (औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी) म्हणून नवीन आहे. मॅनेजर महिनाअखेर स्टॉकिस्टकडे (घाऊक औषध विक्रेत्याकडे) माल टाकायला सांगतो. काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गाव धडगावकडचं, बी.फार्म. करून पहिलीच नोकरी, जळगाव हेडक्वार्टर, ओळखपाळख कोणाची नाही, तीन लाखांचं टार्गेट. २५ तारीख उलटली की मॅनेजर म्हणतो ‘माल उचलायला लाव’, आणि वर एका डॉक्टरच्या घरच्या कार्यक्रमाला ‘गिफ्टचं तू बघून घे’. नाही म्हटलं तर नोकरी जाईल का?

भाऊ, आधी मालाचं बोलू. नवीन पोरं फसतात ती तिथेच.

कंपनीच्या डेपोतून स्टॉकिस्टकडे गेला तो माल प्रायमरी, स्टॉकिस्टकडून मेडिकलवाल्याकडे गेला तो सेकंडरी. मॅनेजरच्या मागे प्रायमरीचा लकडा असतो, पण तुझ्या एरियात औषध खरंच चालतंय का हे फक्त सेकंडरी सांगते. महिन्याच्या सुरुवातीच्या ओपनिंग स्टॉकमध्ये प्रायमरी मिळवायची, महिनाअखेर उरलेलं क्लोजिंग वजा करायचं, की सेकंडरी निघते. समज, ओपनिंग २,१०,०००, प्रायमरी ३,००,०००, क्लोजिंग ३,३०,०००. म्हणजे टार्गेट शंभर टक्के झालं, पण बाजारात गेला १,८०,०००चाच माल. या वेगाने पडून राहिलेला माल सुमारे ५५ दिवसांचा. पुढच्या महिन्यात स्टॉकिस्ट ऑर्डर देणार कुठून? उलट तो माल परत करतो, त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट) तुझ्याच एरियावर पडते आणि मिळालेला इन्सेंटिव्ह कापला जातो.

हा हिशोब करताना एक चूक हमखास होते. स्टॉकिस्टचं स्टॉकचं स्टेटमेंट कधी पीटीएसने (स्टॉकिस्टला पडणाऱ्या भावाने) निघतं, कधी पीटीआरने (मेडिकलवाल्याला पडणाऱ्या भावाने). किंमत-नियंत्रणात नसलेल्या औषधाची एमआरपी १०५ धर. ५ टक्के जीएसटी काढला की १००, मेडिकलवाल्याचे २० टक्के गेले की पीटीआर ८०, त्यातून स्टॉकिस्टचे १० टक्के गेले की पीटीएस ७२. ओपनिंग ७२ने आणि क्लोजिंग ८०ने लावलं तर आकडे जुळणारच नाहीत, आणि मीटिंगमध्ये बोलणी तू खाशील. आधी नगांत मोज, मग एकाच भावाने गुण.

स्टेटमेंट महिनाअखेर मागू नकोस, २० तारखेलाच घे. प्रत्येक प्रॉडक्टपुढे किती दिवसांचा माल आहे ते लिही. १५ दिवसांच्या आत आलेल्याची ऑर्डर लगेच काढ, ४५ दिवसांच्या वर असलेल्याला हात लावू नकोस. मग मॅनेजरला नुसतं ‘होत नाही’ म्हणायचं नाही. ‘सर, हे चार प्रॉडक्ट संपत आलेत, यांची एक लाख वीस हजारांची ऑर्डर आज देतो, बाकीचा माल पडून आहे, स्टेटमेंट पाठवलंय,’ असं ईमेलवर कळव. तरी त्याने टाकायला सांगितलंच, तर तेही ईमेलवर येऊ दे. बहुतेक वेळा येत नाही.

स्टॉकिस्टला मात्र ‘माल गेला नाही तर मी परत घेतो’ असं व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा लिहून द्यायचं नाही. ती तुझी वैयक्तिक हमी होते. कंपनीची स्कीम १०+१ (दहा नगांवर एक फुकट) असताना वरचा नग स्वतःच्या खिशातून देऊन १०+२ करणं हाही तोच सापळा. एकदा दिलं की मेडिकलवाला दर महिन्याला मागतो.

सेकंडरी वाढवायची तर मेडिकलवाल्याकडे आरसीपीए, म्हणजे डॉक्टर कोणती औषधं लिहितात याची दुकानातली चौकशी, नीट कर. आपल्या मॉलिक्यूलचे (औषधातल्या मूळ घटकाचे) कोणते ब्रँड चालतात, आठवड्याला किती स्ट्रिप जातात, कोणत्या डॉक्टरकडून येतात, एवढंच विचार. पेशंटच्या नावाशी आपल्याला घेणं नाही. ओपीडीच्या गर्दीत विचारलंस तर ‘चालू आहे ना भाऊ’ एवढंच उत्तर मिळेल. दुपारी जा, आणि आधी त्याच्या मुदत संपलेल्या (एक्सपायरी) मालाचा निपटारा कर. त्याच्या परताव्याचा जुना क्लेम अडकलेला असताना कोणी खरा आकडा देत नाही.

आता गिफ्ट. १२ मार्च २०२४ची केंद्राची औषध-विपणन आचारसंहिता, म्हणजे यूसीपीएमपी, डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना वैयक्तिक भेटवस्तू द्यायला सरळ मनाई करते. डायरी, कॅलेंडरसारखी वस्तू चालते, तीही नगाला १,००० रुपयांच्या आत. सॅम्पल एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला १२ पॅकपर्यंतच, झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचे अजिबात नाहीत, आणि कोणाला कधी किती दिले याची नोंद ठेवायची. या संहितेला दात फारसे नाहीत. तक्रार कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढे जाते. पण तुझ्या वागण्याची जबाबदारी ती कंपनीवर टाकते. म्हणून ‘सर, यूसीपीएमपीमध्ये बसतं का, कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाला मेल टाकून विचारू का?’ एवढं नम्रपणे विचारलंस तरी बरेचदा विषय तिथेच मिटतो. स्वतःचे पैसे घालून नंतर ते खोट्या टूर बिलात बसवू नकोस. मॅनेजर नामानिराळा राहतो, बिलावर सही तुझी असते.

सॅम्पलवरून आठवलं, आपल्याकडचा मे महिना धडगावच्या डोंगरातल्यासारखा नाही. ४४ डिग्रीत गाडीच्या डिकीत ठेवलेल्या सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, सपोझिटरी तर पाघळतेच. लेबलवर ‘३० अंशांखाली’ लिहिलेलं असतं. चोपडा-अमळनेर करायचं असेल त्या दिवशी लागतील तेवढेच सॅम्पल पाठीवरच्या बॅगेत घे, बाकीचे खोलीवर सावलीत राहू दे.

नोकरी जाईल का? प्रोबेशनमध्ये जाऊ शकते, हे खोटं सांगणार नाही. म्हणून नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, दर महिन्याची सेकंडरी आणि मॅनेजरचे मेल यांच्या कॉप्या स्वतःजवळ ठेव. दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत सेकंडरीचा आकडाच विचारतात. जॉइनिंगला मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक दिला असशील तर तो लेखी मागून आधी परत घे. कंपनीला झेरॉक्स पुरते.