सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत करावं की गॅस? (नागपूर)

नागपुरात चाळीस फ्लॅटच्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचं खत करावं की शेगडीसाठी गॅस (बायोगॅस), आणि त्यासाठी बाजारातलं कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं तयार विरजण, घ्यावंच लागतं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी खत करा, आणि कल्चरवर पैसे घालू नका. कुजवणारे जिवाणू आणि बुरश्या भाजीच्या देठांवर, पाल्यावर, मातीत असतातच. विरजणापुरतं शेण किंवा जुनं खत टाकलं की झालं. कमी पडते ती हवा. नुसता स्वयंपाकघरातला कचरा टाकत गेलं की त्याचा चिखल होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. टोपलीभर ओल्या कचऱ्यावर दोन टोपल्या सुका पाला घाला. पाला संपला तर आरामशीनीवरचा भुसा चालतो, पण तो कमी.

मिश्रण जमलं की दोन-तीन दिवसांत ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. याच तापात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. उलथताना वाफ निघते, पानांवर राखेसारखा पांढरा थर दिसतो. तो पाहून लोक घाबरतात, पण ते ॲक्टिनोमायसिट्स नावाचे जिवाणू असतात. चिवट काड्या-पानं तेच फोडतात, आणि तयार खताला पहिल्या पावसाचा वास येतो तोही त्यांच्यामुळेच.

आपल्याकडे जीव खातो तो एप्रिल-मे. 45 अंशांत ढीग वाळला की काम ठप्प. वर ओलं गोणपाट ठेवा. मूठभर घेऊन घट्ट दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत, एवढीच ओल.

गॅसचं तंत्र नाजूक आहे. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा अजिबात चालत नाही आणि सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) 7 च्या आसपास लागतो. लग्नाघरचं उरलेलं अन्न एकदम ओतलं की आम्ल वाढतं, जिवाणू मंदावतात आणि शेगडी पेटत नाही. शिवाय संत्र्याची सालं! त्यांच्या तेलातलं लिमोनीन या जिवाणूंना मारक असतं आणि हंगामात आपल्या घरांतून सालांचा ढीग निघतो. ती बारीक करून खतात घाला, तिथे तेल उडून जातं.

शहराचा कचरा वर्षानुवर्षं भांडेवाडीच्या कचरा डेपोला जात आलाय. तिथे ओला कचरा दाबून कुजतो, मिथेन होतो, उन्हाळ्यात आगी लागतात आणि धूर आजूबाजूच्या वस्त्यांना सोसावा लागतो. तुमचा वाटा आवारातच जिरवा, ही कळकळीची विनंती.

एक हंगाम खत नीट जमलं, वर्गीकरणाची सवय लागली, की मग गॅसचा विचार करा. तेव्हा संयंत्रात रोज मोजून भर घालणारा एक माणूस आधी ठरवा.