अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हायलँडरने घरी ओढून आणता येईल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत २००७चा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर) स्वस्तात मिळतोय, मालक रिकामं वजन ४२०० पौंड सांगतोय, तुमची टोयोटा हायलँडर एसयूव्ही ५००० पौंड ओढते, तर शनिवारी जाऊन न्यू जर्सीत एडिसनला घरी घेऊन यावा का?

ट्रेलर बघून, पटला तर घ्या. हायलँडरने आणू नका.

४२०० हे कारखान्यातून निघतानाचं वजन. त्यात बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडर बहुधा धरलेले नसतात, आणि नंतर बसवलेल्या वस्तू तर नसतातच. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड वाढले. गाद्या, भांडीकुंडी, खुर्च्या चढल्या की पाच हजार कधी झाले ते कळत नाही. (तुमची गाडी हायब्रिड असेल तर विषयच संपला, तिची मर्यादा ३५००.)

खरं घोडं अडतं ते हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर. ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा तर त्याच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या बॉलवर (हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलरचं तोंड बसतं) पडावा लागतो. ५००० चे १३ टक्के धरले तर ६५० पौंड. हायलँडरच्या हिचला साधारण ५०० चालतात. मॅन्युअल आणि रिसीव्हरवरचा (हिच ज्यात बसतं त्या गाडीखालच्या खाचेवरचा) स्टिकर बघून खात्री करा. हा भार पेलोडमध्येही, म्हणजे गाडीने स्वतःवर वाहायच्या वजनातही, मोजायचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा आहे, त्यात माणसं, सामान आणि हिचचा भार सगळं बसवायचं असतं. बॉलवरचा भार कमी करायला ट्रेलरमधलं सामान मागे सरकवावं असं काही जण सुचवतील. तसं केलंत तर हायवेवर ट्रेलर डोलायला लागेल आणि ओढणाऱ्या तुमच्या गाडीलाही फरफटवेल.

तेव्हा हाफ-टन पिकअप (पूर्ण आकाराचा पिकअप ट्रक) आणि ब्रेक कंट्रोलर (ड्रायव्हरजवळून ट्रेलरचे ब्रेक लावणारं उपकरण) असलेला मित्र गाठा, नाहीतर पैसे देऊन ट्रेलर पोचवून घ्या. भाड्याच्या पिकअपच्या करारात ओढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, तो करार नीट वाचा.

आता बघायला जाल तेव्हा. मालक एसी लावून दाखवेल, टीव्ही लावून दाखवेल. तिकडे लक्ष देऊ नका. जुन्या ट्रेलरचा काळ म्हणजे पाणी. जमलं तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. आत शिरल्या शिरल्या वास घ्या. मग वरच्या कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावरच्या व्हेंटभोवतीची जागा अंगठ्याने दाबत जा. मी पाहिलेल्या एका ट्रेलरच्या भिंतींवर कोरा करकरीत वॉलपेपर होता. पलंगाखालच्या कप्प्यात टॉर्च घेऊन वाकलो, तर कोपऱ्यातलं लाकूड काळं पडलेलं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता आत गेलं. मालक म्हणाला, थोडी ओल आहे. मी नमस्कार केला आणि निघालो. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीकडे तिरक्या नजरेने बघा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय. त्याची दुरुस्ती ट्रेलरच्या किमतीला भारी पडते. छतावरचं तडकलेलं सीलंट मात्र चालेल, तेवढ्यावर घासाघीस करा. फ्रिजजवळ अमोनियाचा वास आला तर फ्रिज गेला असं समजूनच भाव बोला.

टायरची नक्षी बघू नका, वय बघा. डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१६ असेल तर २०१६चा तेविसावा आठवडा. ट्रेलर उभा राहून राहून टायर आतून कुजतात, नक्षी नव्यासारखीच राहते. सहा वर्षांपुढचे टायर असतील तर तिथेच नवे घालून मग निघा. ही काटकसरीची जागा नाही.

कागदपत्रांत टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन, म्हणजे कारखान्याचा ओळख क्रमांक, ट्रेलरवरच्या क्रमांकाशी जुळवा आणि त्यावर कर्जाचा बोजा नाही ना ते पाहा. पेनसिल्व्हेनियात विकणाऱ्याची सही सहसा नोटरीसमोर होते, त्यामुळे पैसे तिथेच द्या. त्याची नंबरप्लेट त्याच्याकडेच राहणार. तुम्ही टॅग-टायटलच्या दुकानातून (वाहनांची कागदपत्रं आणि नंबरप्लेट करून देणारं दुकान) ट्रेलर घरी नेण्यापुरती तात्पुरती इन-ट्रान्झिट नोंदणी घ्या. विम्याच्या एजंटलाही आदल्या दिवशी फोन करा. गाडीच्या पॉलिसीत समोरच्याचं नुकसान बहुधा येतं, तुमच्या ट्रेलरचं येत नाही.

निघण्याआधी सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाखाली) एकमेकींवरून तिरक्या लावा, दिवे तपासा. मग आवारातच हळू चालवत ब्रेक कंट्रोलरवरचा खटका हाताने दाबून ट्रेलरची चाकं खरंच धरतात का बघा. पंधरा-वीस मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि चाकांच्या हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक बिघडलाय, पुढे जाऊ नका. आय-८० हायवेवर डेलावेअर वॉटर गॅपच्या खिंडीत नदी ओलांडली की न्यू जर्सीच्या बाजूला एस आकाराचं वळण आहे, तिथे वेग आधीच उतरवा. ट्रेलर डोललाच तर पायाने ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

आणखी एक. काही खासगी आरव्ही पार्क (असे ट्रेलर लावून मुक्काम करायच्या जागा) दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर घेत नाहीत. स्टेट पार्कांत अशी अट सहसा नसते, म्हणून उन्हाळ्याचं बुकिंग तिथूनच सुरू करा.