फ्युचर्स स्टडीजमध्ये मास्टर्स: ह्युस्टन ऑनलाइन की फिनलंडमधल्या तुर्कूला जाऊन? अर्जात काय लिहू, आणि नोकरीचं काय?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. ॲग्री झालंय, साखर कारखान्याच्या शेती खात्यात तीन वर्षं नोकरी झाली आणि आता फ्युचर्स स्टडीज करायचंय. घरचे ‘हे इंग्रजीतलं ज्योतिषच ना’ म्हणतात. ज्योतिषी एकच भविष्य सांगतो. इथे पुढे काय काय घडू शकतं अशी अनेक भविष्यं मांडायची असतात; एकच लिहून दिलं की पेपर परत येतो. घरच्यांना एवढं पुरे. आता कामाचं.

ह्युस्टन विद्यापीठाचा फोरसाइटचा (याच विषयाचं व्यवहारातलं नाव) एम.एस. हा अमेरिकेतला सर्वांत जुन्यांपैकी एक अभ्यासक्रम. ३० क्रेडिट, म्हणजे साधारण १० विषय. तो घरबसल्या ऑनलाइन पूर्ण करता येतो, पण ऑनलाइनवर एफ-१, म्हणजे अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, मिळत नाही. एफ-१ वर पूर्णवेळ भारात ऑनलाइनचा फक्त एक विषय, ३ क्रेडिटपर्यंत, धरला जातो; बाकीचे वर्गात बसून करायचे. म्हणून ‘ऑनलाइन सुरू करतो, मग तिकडे जाऊन नोकरी बघतो’ हा बेत कागदावरच फसतो. भारतात राहूनच करणार असाल तर वेळेचं गणित मांडा. हिवाळ्यात ह्युस्टन आपल्या साडेअकरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेदहा. तिकडचा संध्याकाळी ६ चा तास म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०, आणि मार्चमध्ये त्यांचं घड्याळ पुढे गेलं की पहाटे ४:३०. घड्याळ बदलतं तेव्हा सेमिस्टर चालू असतं, त्या आठवड्यात तास हमखास चुकतो. गळीत हंगामात रात्री-अपरात्री तोडीचे फोन घेणाऱ्याने एका सेमिस्टरला दोन विषयांच्या वर जाऊ नये. तेवढ्याने पाच सेमिस्टर लागतात, लागू देत.

तुर्कूचं मास्टर्स दोन वर्षांचं, १२० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), इंग्रजीतून. फिनलंड फ्युचर्स रिसर्च सेंटर तिथेच आहे, १९९२ पासून. अर्ज जानेवारीत, जेमतेम दोन आठवडे. चुकलं की थेट पुढचा जानेवारी. युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून फी आहे, शिष्यवृत्तीची मागणी अर्जाबरोबरच करायची असते. निवास परवान्यासाठी महिना ८०० युरो, म्हणजे वर्षाचे ९,६०० स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात, फी वेगळी. सरासरी आठवड्याला ३० तास काम करायची मुभा आहे, पण फिनिश येत नसेल तर ते काम मिळायला कठीण. मोफत शिक्षणाच्या जुन्या गप्पांवर जाऊ नका.

बाकीचे भराभर. हवाईचं मानोआ म्हणजे राज्यशास्त्र विभागातला अल्टरनेटिव्ह फ्युचर्सचा भाग, ओढा संशोधनाकडे. स्टेलेनबॉशचा एम.फिल. बिझनेस स्कूलमधला. टोरोंटोच्या ओकॅडमध्ये डिझाइनच्या अंगाने जातात. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतला जर्मनमधून आहे. केरळ विद्यापीठात १९९० पासून फ्युचर्स स्टडीजचा विभाग आहे, पण एम.टेक.चा भर तंत्रज्ञान-व्यवस्थापनावर. विभागाच्या नावावरून ठरवू नका, विषयांची यादी मागवा. मेलबर्नच्या स्विनबर्नचं नाव अजून लोक सुचवतात, तो अभ्यासक्रम बंद झालाय. हा विषय छोटा आहे, एक-दोन प्राध्यापक निवृत्त झाले की कोर्स गुंडाळतात. यंदा प्रवेश आहे का हे आधी ईमेलने विचारा.

आता अर्ज. इथे मला खरं बोलायचंय.

‘मला लहानपणापासून भविष्याचं कुतूहल’ हे वाक्य आधी खोडा. तुमच्याकडे ऊस आहे, तो लिहा. ‘पश्चिम महाराष्ट्रातला ऊस, २०४०’ एवढाच विषय घ्या आणि दोन महिने स्कॅनिंग करा, म्हणजे बदलाच्या खुणा टिपत राहा. रोज एक नोंद: तारीख, स्रोत, तीन ओळींत काय घडलं, समाज-तंत्रज्ञान-अर्थ-पर्यावरण-राजकारण यांपैकी कुठलं खातं, आणि ‘हे असंच वाढत गेलं तर त्यातून पुढे काय, आणि त्यानंतर काय’. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर ती नोंद म्हणजे नुसतं बातमीचं कात्रण. साठांपैकी पंधरा-वीस टिकतील. तोडणी यंत्रांचं अनुदान सगळ्यांनाच दिसतं. एखाद्या गावात आडसाली ऊस सोडून लोक दुसरं पीक घ्यायला लागलेत हे तुमच्या चिटबॉयला, म्हणजे गावातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्याला, दिसतं, परदेशातल्या प्राध्यापकाला दिसत नाही. निवडीत हेच उठून दिसेल.

यानंतर बहुतेक जण जे करतात ते करू नका. दोन रेघा काढायच्या, आडवी पाण्याची, उभी इथेनॉल धोरणाची. चार कप्पे, चार ठसकेबाज नावं, झाले सिनारिओ, म्हणजे भविष्याची चित्रं. सल्लागार मंडळींना ही चौकट फार प्रिय, अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेत बसते ना. तिचं म्हणणं असं की दोन्ही रेघा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. २०२३ आठवा. एल निनोचं वर्ष, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. साखर कमी पडणार ही धास्ती बसली आणि ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, जी आठवडाभरात थोडी सैल झाली. म्हणजे पाणी हललं की धोरण त्याच्या पाठोपाठ हलतं. ‘दुष्काळ, पण रसाच्या इथेनॉलला पूर्ण मोकळीक’ हा कप्पा कागदावर आहे, प्रत्यक्षात जवळपास रिकामा.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. त्याच हंगामात, २०२३-२४ मध्ये, इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल मका ठरला, आणि २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण गाठलं. इथेनॉल पुढे गेलं, ऊस मागे राहिला. चौकट काढणाऱ्याने ‘इथेनॉल म्हणजे ऊस’ हे न बोलता गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे कारखान्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची शक्यता चारपैकी एकाही कप्प्यात येत नाही. चौकट सुबक असते आणि गृहीतक तिच्याखाली दडून बसतं.

त्यापेक्षा ह्युस्टनवाले वापरतात ते चार साचे घ्या: आहे तेच पुढे (बेसलाइन), कोसळणं, नवा समतोल, आमूलाग्र बदल. मानोआतले फ्युचर्सचे प्राध्यापक जिम डेटर यांची चौकडी जवळपास अशीच: वाढ, कोसळणं, शिस्त, परिवर्तन. फायदा एवढाच की कोसळणं लिहायला तुम्हाला भाग पडतं. कारखान्यातला माणूस स्वतःहून कधीच लिहिणार नाही. प्रत्येक साच्याला एक पान द्या आणि २०४० पासून मागे येत तीन घटना लिहा ज्यांच्यावाचून तिथवर पोचता आलं नसतं. तीन सुचत नसतील तर तो सिनारिओ फेका. शेवटी कॉझल लेयर्ड ॲनालिसिसच्या, म्हणजे प्रश्न वरून तळापर्यंत उलगडण्याच्या पद्धतीच्या, चार थरांतून एक फेरी: वर एफआरपीची (उसाच्या किमान दराची) आंदोलनं, खाली सहकार आणि पाण्याची व्यवस्था, त्याखाली ‘ऊस असला की पत असते’ हा समज, आणि तळाशी ‘ऊस हे आळशी शेतकऱ्याचं पीक’ यासारखी वाक्यं. तळातलं बदललं नाही तर वरचं अनुदान फुकट जातं. एवढी पानं तयार असली की उद्देशपत्र एका बैठकीत होतं.

नोकरी: ‘फ्युचरिस्ट’ नावाची जागा शोधू नका. स्ट्रॅटेजिक फोरसाइट, होरायझन स्कॅनिंग, ट्रेंड रिसर्च, इनोव्हेशन स्ट्रॅटेजी हे शब्द टाकून शोधा. सिंगापूर सरकारचं सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक फ्युचर्स किंवा यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था) यांसारख्या ठिकाणी हे काम खरोखर चालतं, पण जागा मोजक्या. भारतात ते बहुधा सल्लागार कंपन्या आणि डिझाइन रिसर्चच्या पोटात असतं. त्यामुळे ‘ऊस कळतो आणि फोरसाइटही येतं’ असा माणूस चालेल, नुसतं फोरसाइट येणारा नाही. पदवीनंतर लगेच हा कोर्स घेणाऱ्यांना मी याच कारणाने थांबा म्हणतो.

दोन गोष्टी राहिल्या. दोन रेघांची चौकट सरसकट टाकाऊ नाही. रेघा खरंच स्वतंत्र असतील आणि वेळ कमी असेल तर चालते, फक्त आधी प्रत्येक कप्प्याला ‘इथे पोचलो कसे’ हे विचारा. आणि पदवी हवीच असं नसेल तर ह्युस्टनचा काही दिवसांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे; नोकरी न सोडता आधी तो करून बघता येईल. तुर्कूच ठरलं तर ट्रान्स्क्रिप्ट आणि मुख्य शेती अधिकाऱ्यांचं शिफारसपत्र ऑक्टोबरातच हातात घ्या. गाळप सुरू झालं की सहीला त्यांना वेळ मिळणार नाही.