आठवत नाही, म्हणजे आत काही दडलंय का?

"मॅडम, त्या रात्रीची मधली पंधरा-वीस मिनिटं मला आठवतच नाहीत. मेंदूनं काहीतरी दडपून ठेवलंय म्हणे. तुम्ही संमोहनानं ते बाहेर काढाल का?"

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत एका ताईंनी मला हे विचारलं. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती रात्र २५ सप्टेंबर २०१९ ची. पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर-सहकारनगर भागात माणसं दगावली. ताईंचं बैठं घर ओढ्याला लागूनच. दिवे गेले, पाणी गुडघ्याला लागलं, चिखलाचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला, शेजारच्या आजींनी हाक मारली. इथपर्यंत सगळं लख्ख. मग एकदम समोरच्या बिल्डिंगची गच्ची, अंगावर कुणाची तरी चादर. आजी वाचल्या नाहीत.

खरा प्रश्न तिसऱ्या भेटीत आला. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "मी त्यांचा हात धरला आणि मग सोडला, असं तर नसेल ना?"

अपघातातून वाचलेली माणसंही मला असंच काहीतरी विचारतात. आठवणीत भोक आहे, म्हणजे तिथं भयंकर काहीतरी कुलपात असणार, ही भीती. मी ताईंना आधी हे सांगितलं की जिवावर बेतलेले प्रसंग माणसं सहसा विसरत नाहीत. ते नको इतके आठवतात. धोक्याच्या क्षणी शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, अमिग्डला (मेंदूतला धोका टिपणारा भाग) जागी होते आणि समोरचा धोका मनात घट्ट बसतो. पण लक्ष तेवढ्यावरच खिळतं. आजूबाजूचं, आधीचं-नंतरचं कितीतरी नोंदलंच जात नाही. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात तर नाहीच. जे नोंदलं गेलं नाही, ते खणून निघणार कुठून?

दडपणं खोटं आहे असं मात्र नाही. मायकेल अँडरसन आणि कॉलिन ग्रीन या संशोधकांनी २००१ मध्ये लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. नंतर एक शब्द दाखवून "दुसरा मनात येऊ देऊ नका" असं पुन्हापुन्हा सांगितलं. तो दुसरा शब्द पुढे खरोखरच कमी आठवला. २००४ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की अशा वेळी मेंदूचा पुढचा भाग कामाला लागतो आणि आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसची हालचाल मंदावते. म्हणजे ब्रेक आहे. पॅरिसच्या २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यातून वाचलेल्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये आला. ज्यांना अशा धक्क्यानंतरचा मानसिक आजार (पीटीएसडी) जडला होता, त्यांचा हाच ब्रेक नीट लागत नव्हता. आठवण बाजूला सारता येणं हा दोष नाही, हे मला ताईंना पटवायचं होतं.

संमोहनाला मी ठाम नकार दिला. संमोहनात आठवणीबद्दलची खात्री वाढते, खरेपणा वाढेलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात, "लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात" ही न घडलेली गोष्ट साधारण चौथा हिस्सा लोकांनी पूर्ण किंवा अर्धवट खरी मानली. ताईंच्या मनात तर चित्र आधीच तयार होतं: सुटलेला हात. संमोहनात मी ते विचारलं असतं, तर त्यांना ते "आठवलं" असतं, आणि जन्मभर पुरलं असतं.

"मग मला कधीच कळणार नाही?"

"कदाचित नाही," मी म्हटलं. याहून गोड उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या खूप रडल्या.

पुढचे चार महिने आम्ही जे आठवत होतं त्यावरच काम केलं. झोप उडालेली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. घरात तो विषय काढायचा नाही असा नियमच झाला होता, आणि ताई ओढ्यावरचा पूल टाळून लांबचा वळसा घालून कामाला जात. नको ती आठवण क्षणभर बाजूला सारणं वेगळं आणि तिच्या भीतीनं रस्ते बदलणं वेगळं. आधी नवऱ्याबरोबर, मग एकट्यानं, त्या पूल ओलांडू लागल्या. एके दिवशी आजींच्या मुलाकडे गेल्या आणि मनातलं सगळं बोलल्या. तो म्हणाला, "वहिनी, त्या रात्री आईच्या हाकेला उत्तर देणारं कुणीतरी होतं, एवढं मला पुरे."

जोराचा पाऊस लागला की ताई अजूनही रात्री उठून ओढ्याचं पाणी बघून येतात. पूर्वी दर दहा मिनिटांनी जायच्या. आता एकदाच जातात, आणि परत येऊन झोपतात.