मुलगा जुने टीव्ही गेम उघडत बसतो, त्याला लातूरला पाठवू का?

पत्र : सर, मी सेलूहून (जि. परभणी) लिहिते. मी अंगणवाडी सेविका आहे, मिस्टर बियाणं-खताच्या दुकानात कामाला आहेत. मुलगा यंदा ८४ टक्के घेऊन दहावी झाला, गणितात ९३ आहेत. सराव परीक्षेत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी ३७ होते, भाग २ मध्ये २४. लातूरला ठेवून नीटची तयारी करून घ्यावी असं घरात सगळ्यांचं ठरलंय, होस्टेलची चौकशीही करून आलो. पण लेकराचं ध्यान दुसरीकडंच. भंगारवाल्याकडून जुने टीव्ही गेम अन् कॅसेटी आणतो आणि उघडून ठेवतो. खेळला असता तर एक वेळ समजलं असतं, पण खेळत पण नाही. गॅसवर पेनं जाळतो. बाजारात कधी आलेच नाहीत असे गेम शोधायचे म्हणतो. दिवाळीचे अन् मामानं दिलेले मिळून साडेचार हजार रुपये ऑनलाइन एका माणसाला दिले आणि फसला. फसलो हे त्यानंच येऊन सांगितलं. हे सगळं भंगारात परत देऊ का? याच्यात काही करिअर असतं का?

ताई, नमस्कार.

आधी जळक्या पेनांचं सांगतो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त बोलली ती पेनंच. निन्टेन्डो आणि सेगा या जपानी कंपन्यांच्या बऱ्याच जुन्या यंत्रांना आणि कॅसेटींना वेगळ्या डोक्याचे स्क्रू असतात. आपला घरातला पेचकस त्यांना लागत नाही. ३.८ आणि ४.५ मिलिमीटरचे खास पाने मिळतात, पण ज्याच्याकडे ते नाहीत तो प्लास्टिकच्या पेनाचं टोक गरम करून स्क्रूवर दाबतो. थंड झालं की त्या टोकाला स्क्रूचा साचा उमटतो आणि त्यानंच स्क्रू फिरतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नकली टीव्ही गेमला बहुतेक साधे फुलीचे स्क्रू असतात, त्यांना पेन जाळावं लागत नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या हाताला अस्सल माल लागलेला दिसतो, आणि पाना नाही म्हणून तो थांबलेला नाही.

दुसरं तुमचं वाक्य, ‘खेळत पण नाही.’ तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते दोनदा वाचलं आणि माझ्या डोक्यातलं अर्धं उत्तर तिथंच ठरलं. गेममध्ये बुडालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे दर आठवड्याला येतात, त्या मुलांची गोष्ट निराळी असते. तुमच्या मुलाला खेळापेक्षा खेळाच्या पोटात काय आहे याची ओढ आहे.

त्या पोटात काय असतं तेही सांगतो, म्हणजे घरी त्याच्याशी बोलायला विषय मिळेल. नव्वदच्या दशकात आपल्या गावांमध्ये ‘टीव्ही गेम’ म्हणून जे आलं, कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची ते, त्यातलं बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होतं. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आलं. त्याची काम करायची मेमरी फक्त २ किलोबाइट होती. ताई, तुमचं वरचं पत्र देवनागरीत साठवायचं म्हटलं तरी त्यापेक्षा जास्त जागा लागेल. एवढ्याशा जागेत मारिओ पळवायचा म्हणजे एकेक बाइट तोलून वापरावी लागते, आणि मुलगा ते समजून घेऊ बघतोय. फॅमिकॉमचा प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप, ६५०२ नावाच्या घराण्यातला. १९८४ साली सरकारनं ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांच्यातही ६५०२च होता. (फुंकर मारू नको हे मात्र त्याला सांगा. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि पुढे त्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस वापरायचा.)

आता ‘कधी आलेच नाहीत ते गेम’. हे ऐकून तुम्हाला पोरकटपणा वाटला असेल, पण हे खरंच असतं. स्टार फॉक्स २ हा गेम १९९५ च्या सुमारास तयार होऊन कंपनीनं मागे ठेवला, तो अधिकृतपणे बाहेर आला २०१७ मध्ये. मदर या जपानी गेमची इंग्रजी आवृत्ती १९९० मध्ये तयार होती पण विकलीच गेली नाही. तिची चाचणीची कॅसेट पुढे संग्राहकांच्या हाती लागली, त्यांनी ती वाचून, म्हणजे आतला गेम संगणकात उतरवून ठेवली, आणि कंपनीनं स्वतः ती विक्रीला आणली ती २०१५ मध्ये. निन्टेन्डो आणि सोनी यांनी मिळून करायला घेतलेल्या आणि मोडीत निघालेल्या यंत्राचा एक नमुना २०१५ मध्ये समोर आला. त्याचा सीडीचा भाग बंद होता, तो एका हौशी कारागिरानं चिकाटीनं चालू केला. २०२० च्या लिलावात ते यंत्र ३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. हा आकडा मुलाला सांगताना कारागिराची गोष्ट आधी सांगा.

अशा चाचणीच्या कॅसेटींमध्ये गेम साठवायला बहुधा ईप्रॉम नावाची, पुसून पुन्हा भरता येणारी चिप असते. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि त्यावर कागदी स्टिकर. अतिनील दिव्याखाली ती पंधरा-वीस मिनिटांत पुसली जाते. स्टिकर निघालं आणि चिप थेट उन्हात राहिली तर साधारण आठवड्यात कोरी. आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. उन्हापासून जपली तरी आतला विद्युतभार वर्षानुवर्षं झिरपत राहतो. म्हणून ज्यांना या गेमची तळमळ आहे ते घाईनं चिपा वाचून ठेवतात. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ही संस्था २०१७ पासून हेच काम करते. त्यांच्या २०२३ च्या पाहणीत तिथले ८७ टक्के जुने गेम आज सरळ मार्गानं विकत मिळतच नाहीत असं निघालं.

म्हणूनच या बाजारात ठगही खूप. आजकालच्या नव्या मेमरी चिपवर (फ्लॅश) गेम भरायचा, हातानं तारीख लिहिलेलं स्टिकर लावायचं आणि ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचं. स्टिकरवरून, खिडकीवरून काहीही सिद्ध होत नाही. चिप वाचायची, दोनदा वाचून दोन्ही वाचनं जुळतात का पाहायची, आणि मग बाजारात आलेल्या गेमशी बाइट-बाइट ताडून बघायची, हीच खरी परीक्षा. तुमच्या मुलाला फसवणूक कशी कळली ते त्याला शांतपणे विचारा. त्यानं कॅसेट उघडून चिपेचा नंबर वाचून ओळखलं असेल, तर त्या साडेचार हजारांत तो बरंच शिकला. आणि सोळाव्या वर्षी ‘आई, मी फसलो’ असं स्वतः येऊन सांगणारं लेकरू आहे तुमचं. त्याला या पैशांवरून पुन्हा पुन्हा बोलू नका. एवढंच ठरवा, की यापुढे पाचशेच्या वरची खरेदी घरात विचारून.

करिअरचं आता स्पष्ट सांगतो. जुने गेम दुरुस्त करण्याची पगारी नोकरी मराठवाड्यात नाही. गेम जतन करणाऱ्या संस्था परदेशातही मोजक्याच, आणि त्यात पगारावरची माणसं थोडी. जुन्या कॅसेटी साठवून श्रीमंत व्हायचं हा विचार तर डोक्यातून काढूनच टाकावा.

पण मला आठवतं, इथल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी मुलांना घेऊन गेलो होतो. नव्वदच्या दशकातलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणारं मशीन तीन दिवस बंद होतं. कंट्रोल कार्डावरची बॅटरी संपली होती, आणि तिच्या जिवावर मेमरीत राहिलेले मशीनचे सगळे पॅरामीटर, म्हणजे ठरवून दिलेले आकडे, पुसले गेले होते. मालकाकडे त्यांची नोंद नव्हती. जुन्या गेम कॅसेटीत खेळाची प्रगती साठवायलाही अशीच एक छोटी बॅटरी असते, आणि ती संपली की तिथंही हेच होतं. तेच ईप्रॉम, तेच गळके कपॅसिटर, तेच सर्किटचा नकाशा नसताना तारा शोधत जाणं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत अशी जुनी कार्डं जिवंत ठेवणारा माणूस मिळत नाही म्हणून लोक ओरडतात. एम्बेडेड सिस्टिम (यंत्राच्या आत बसवलेले छोटे संगणक), सर्किट बोर्डांची तपासणी, पुढे शिकला तर चिप डिझाइन, या सगळ्याचा पाया तुमच्या मुलाच्या पलंगाखालच्या खोक्यात आहे.

म्हणून लातूरबद्दल. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही, त्यानं गरिबाघरची हजारो मुलं डॉक्टर झाली. पण ते दोन वर्षांचं जीव ओतून करायचं काम आहे, आणि भाग २ मधले २४ मार्क सांगतात की जीवशास्त्रात हा जीव ओतणार नाही. तिथं पाठवलंत तर दोन वर्षांनी नीटही हातात नसेल आणि हा हुरूपही.

माझ्या मते त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करावा. संभाजीनगर, जालना, नांदेड, अंबाजोगाई इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. इलेक्ट्रॉनिक्सची शाखा कुठे आहे ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नाइलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिचं कामच इलेक्ट्रॉनिक्सचं. तिथले दहावीनंतरचे अभ्यासक्रम प्रत्यक्ष जाऊन विचारा. डिप्लोमाची तीन वर्षं झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, नांदेडच्या एसजीजीएससारख्या कॉलेजातसुद्धा. म्हणजे दहावीनंतर तीन अधिक तीन, सहा वर्षं. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची डिग्री धरली तरी सहाच. ‘डिप्लोमाला गेला म्हणजे मागे पडला’ असं नातेवाईक म्हणतील तेव्हा हा हिशेब सांगा. तरीही अकरावीच हवी असेल तर गणित सोडू देऊ नका, आणि सेलू-परभणीतच ठेवा.

आता थोडं त्याच्याशीच बोलतो.

बाळा, डब्बा टीव्ही उघडू नकोस. लाइट गन, म्हणजे टीव्हीवर नेम धरायची खेळातली बंदूक, जुन्या टीव्हीवरच चालते म्हणून तू तो आणशील, पण त्याच्या पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहतो. जपानी ॲडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये लावलास तर यंत्रासकट जाईल. आपल्या मालकीच्या कॅसेटची स्वतःपुरती सुरक्षित प्रत करायला आणि तिचं काम अभ्यासायला १९५७ चा कॉपीराइट कायदा वाव देतो, पण त्या प्रती विकायला किंवा वाटायला नाही. आणि गेम बाजारात आला नाही म्हणून तो बेवारस होत नाही, त्याचा मालक असतोच.

एक वही कर. कोणतं यंत्र, कुठून आणलं, कितीला, काय बिघाड होता, कुठल्या पिनेवर किती व्होल्ट आले, काय बदललं, काय जमलं नाही. फोटो काढ. परदेशी दुर्मीळ कॅसेटींमागे लागण्यापेक्षा आपल्याकडचे टीव्ही गेम नोंदव. ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांचे खोके, त्यावरची चित्रं, आतले बोर्ड, ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटींत खरे गेम किती. आत काळ्या डांबरासारखा ठिपका दिसला तर त्याखालची चिप बदलता येणार नाही, तरी फोटो काढून ठेव. जपानच्या गेमची काळजी घेणारे जगभर आहेत. परभणी जिल्ह्यात काय विकलं जात होतं ते लिहून ठेवायला सध्या तूच आहेस.

ताई, खोकं भंगारात देऊ नका. एक बरं मल्टिमीटर आणि तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न घेऊन द्या, होस्टेलच्या एका महिन्यापेक्षा कमीच खर्च येईल. आणि प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी एक दिवस काढून मराठवाडा एक्स्प्रेसनं दोघं इकडे संभाजीनगरला या. त्याला तंत्रनिकेतनाची लॅब दाखवू, नाइलिटमध्ये चौकशी करू. येताना ती साडेचार हजारांची कॅसेट बरोबर आणा, त्यानं ती कशी ओळखली ते मला त्याच्याकडून समजून घ्यायचंय.